दारू सोडायची तर एकदम तोडू नका: घरी राहून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पहिले सात दिवस

श्रावण लागला की आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत दारू सोडणारे वाढतात. कुणी आईच्या गळ्याची शपथ घेतो, कुणी पंढरीहून आणलेली माळ घालतो, कुणी गटारीला पोटभर पिऊन ‘ही शेवटची’ म्हणतो. घरातल्या बायका त्या दिवशी देवापुढे साखर ठेवतात.

माझ्या आजोळीही ठेवली होती. मामा वीस वर्षं रोज पीत होता. शेवटची काही वर्षं तर तोंड धुण्याआधी त्याला अर्धा ग्लास लागायचा. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्याने माळ घातली. मंगळवारी हात इतके लटलट कापायला लागले की चहाची बशी धरवेना. त्याच रात्री त्याला फीट आली. कुणी दातांत चमचा घातला, कुणी कांदा हुंगवला. बुधवारी डोळ्याला डोळा नाही, अंगातून घामाच्या धारा, आणि रात्री तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणू लागला, ‘मुंग्या चढूलाल्यात की, दिसंना का तुमाला?’ वारलेल्या आजोबांशी तो मोठ्याने भांडत होता. सगळ्यांना वाटलं, बाहेरचं झालं. अंगारा लावला, लिंबू उतरवलं. दवाखाना गाठेपर्यंत गुरुवारची दुपार झाली होती.

मामा वाचला. पण दारू पिल्याने माणूस मरतो एवढंच ठाऊक असलेल्या आमच्या घराला, ती अचानक सोडल्यानेही जीव जाऊ शकतो हे त्या आठवड्यात कळलं. पुढे माझ्या मावसभावाने दारू सोडायचं ठरवलं तेव्हा आम्ही आधी डॉक्टर गाठले. त्याचे सात दिवस घरीच, औषधं आणि देखरेख यांच्या आधाराने पार पडले. बहुतेक घरांत माळ आधी येते आणि डॉक्टर शेवटी. हा क्रम उलटा व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

डिटॉक्स म्हणजे काय

हा शब्द आता ज्यूसच्या बाटल्यांवरही दिसतो. त्याच्याशी इथे संबंध नाही. वैद्यकात डिटॉक्स म्हणजे ज्याचं शरीर दारूला सरावलं आहे, त्याची दारू बंद करताना होणारा त्रास औषधांनी आटोक्यात ठेवून ते दिवस सुखरूप पार पाडणं. त्या त्रासाला डॉक्टर विथड्रॉवल म्हणतात. मी पुढे ‘दारू तुटल्याचा त्रास’ म्हणेन, गावाकडे तसंच म्हणतात.

प्रत्येक पिणाऱ्याला याची गरज नसते. लग्नकार्यात, महिन्यातून एखाद्या वेळी घेणाऱ्याने उद्यापासून बंद केली तर शरीराला काही होत नाही. प्रश्न रोज पिणाऱ्याचा आहे. त्यातही सकाळी घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत त्याचा. हात थरथरणं आणि घोट पोटात गेल्यावर ते थांबणं, ही शरीर दारूवर अवलंबून असल्याची घरातल्या कुणालाही दिसणारी खूण आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत अशा अवलंबून असलेल्यांची संख्या सुमारे २.९ कोटी निघाली. त्यांतल्या अडतीस जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा तर एकशे ऐंशी जणांत एक. बाकीचे आपापल्या घरी, आपापल्या हिमतीवर सोडतात आणि पुन्हा धरतात.

मांजरसुंब्याच्या घाटातला ट्रॅक्टर

दारू सोडल्यावर असं का होतं हे समजायला उसाने भरलेला, मागे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. मांजरसुंब्याच्या घाटात असे ट्रॅक्टर हंगामात रोज दिसतात.

मेंदूतही ब्रेक आणि ॲक्सिलेटर असतो. दोन्ही कामं मेंदूतच तयार होणारी रसायनं करतात: शांत करणारं गाबा, चेतवणारं ग्लुटामेट. दारू गाबाचा ब्रेक दाबते आणि ग्लुटामेटचा जोर कमी करते. म्हणून पिल्यावर सैल वाटतं, जीभ जड होते, झोप येते. एखाद्या दिवशी हे चालून जातं. पण रोज, वर्षानुवर्षं कुणी ब्रेकवर पाय ठेवूनच बसलं, तर मेंदू काय करेल? त्याला तर गाडी चालवायची आहे. तो ॲक्सिलेटर अधिक दाबतो आणि स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. दोन्ही पाय दाबलेले, इंजिन तापलेलं, पण गाडी कशीबशी चालते. जुना पिणारा दोन क्वार्टर पिऊनही सरळ चालतो त्याचं कारण हे आहे. ‘पचवतो’ म्हणून गावात त्याचं कौतुक होतं. खरं तर ती धोक्याची घंटा असते.

मग एका सोमवारी दारू बंद होते. ब्रेकवरचा पाय एकदम निघाला, ॲक्सिलेटरवरचा तसाच आहे. भरल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर उतारावर सुटतो. हातांचा थरकाप, घाम, धडधड, उलटी, उडालेली झोप, फीट, भास ही सगळी त्या सुटलेल्या गाडीची लक्षणं आहेत.

डॉक्टरांच्या गोळ्या इथे दुसरा ब्रेक म्हणून कामाला येतात. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम ही त्यांतली नेहमीची नावं. त्या गाबाच्याच ब्रेकवर काम करतात, पण डॉक्टरांच्या हिशेबाने: पहिल्या दिवशी जास्त, मग रोज थोडं थोडं कमी. तेवढ्या अवधीत मेंदू ॲक्सिलेटरवरचा पाय हळूहळू उचलतो.

इच्छाशक्ती असेल तर कशाला लागतात गोळ्या?

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे, आणि मामाकडे इच्छाशक्ती नव्हती असं मी कुणाला म्हणू देणार नाही. तीन दिवस तो थरथरत, घामाघूम होत बसला, पण त्याने गळ्यातली माळ काढली नाही. फीट इच्छाशक्तीला विचारून येत नाही. मन घट्ट करून रक्तातली साखर उतरत नाही, तसंच हे आहे. सोडायचं ठरवायला आणि पुढे वर्षानुवर्षं टिकायला निश्चय लागतोच. मधले पाच-सात दिवस मात्र शरीराचे असतात.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि देशभरातली दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसली. केरळमध्ये आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्यावर तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच केरळ उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. दारू तुटल्याच्या त्रासावर दारू हा उपचार नाही, त्यासाठी औषधं उपलब्ध आहेत.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. दरवर्षी श्रावणात एकदम सोडायची आणि नंतर पुन्हा धरायची, असं वारंवार केलं तर पुढच्या वेळचा त्रास मागच्यापेक्षा वाढत जाऊ शकतो. ‘मागच्या वर्षी नुसते हात थरथरले होते, यंदाही निभावेल’ हा हिशेब म्हणूनच चुकीचा ठरतो.

घरी कुणाचं जमतं, कुणाचं नाही

ज्याचा त्रास सौम्य ते मध्यम आहे आणि ज्याला दुसरा मोठा आजार नाही, त्याचं डिटॉक्स घरी राहून सुरक्षितपणे होऊ शकतं. काय मोठं आणि काय किरकोळ हे डॉक्टर ठरवतात. त्यासाठी त्यांच्याकडे दहा गोष्टींना गुण देणारी एक मोजपट्टी असते: थरकाप, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास वगैरे. एकूण गुण ६७. आठ-दहाच्या आत असेल तर त्रास सौम्य, पंधरा-वीसच्या पुढे गेला तर गंभीर.

पूर्वी दारू सोडताना फीट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर घरचा विचार सोडून द्यायचा. मामाने दुसऱ्यांदा सोडली तेव्हा त्याला दाखलच व्हावं लागलं, याच कारणाने. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, हृदयाचा आजार, आटोक्यात नसलेली शुगर, नुकताच डोक्याला लागलेला मार, गर्भारपण, उतारवय आणि त्यात अशक्तपणा, जीव द्यावा असे विचार, दारूसोबत झोपेच्या गोळ्यांचं किंवा दुसऱ्या कशाचं व्यसन: यांतलं काहीही असलं तरी दवाखान्यात खाट हवी.

घराचीही परीक्षा असते. रात्रंदिवस सोबत राहणारं शुद्धीवरचं माणूस घरात आहे का? घरातच दुसरा कुणी पिणारा आहे का? आणि एक प्रश्न जो दबक्या आवाजातच विचारला जातो: हा माणूस बायकोला मारतो का? मारत असेल तर तिला एकटीला त्याची राखण करायला बसवू नका. अशा घरी डिटॉक्स नको, दवाखानाच बरा.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं गणित आणखी अवघड. मुकादमाची उचल घेतलेली, दसऱ्यानंतर गाडी लागते. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडाशेजारच्या कोपीत. तिथे रात्री फीट आली तर ओळखीचा डॉक्टर नाही, अंगावर काम आणि आजूबाजूला पिणारे. ज्याला सोडायची आहे त्याने निघायच्या आदल्या आठवड्यात नव्हे, पावसाळ्यात गावी असतानाच हे करावं, म्हणजे निघण्याआधी दीड-दोन महिने हातात राहतात.

पहिल्या भेटीत खरं सांगा

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, रोज किती? आणि पहिलं खोटंही इथेच बोललं जातं. माझा मावसभाऊ म्हणाला, ‘एक क्वार्टर.’ शेजारी बसलेल्या वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘दोन. आन् सकाळची येगळी.’ त्या बोलल्या नसत्या तर औषधाचा हिशेब चुकला असता. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर तिच्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दोन म्हणजे १२० ग्रॅम. हातभट्टीच्या दारूचा जोर कुठे लिहिलेला नसतो, तेव्हा किती ग्लास, दिवसातून किती वेळा, ते तसंच सांगावं.

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणाला लागून असलेल्या भागात ताडी पिणाऱ्यांनी तेही आवर्जून सांगावं. तेलंगणात ताडीमध्ये अल्प्राझोलमसारखी गुंगीची औषधं मिसळल्याची प्रकरणं वारंवार उघडकीला आली आहेत. तशी ताडी तुटली तर तो नुसत्या दारूचा त्रास राहत नाही, त्या औषधाचाही असतो आणि जास्त दिवस चालतो.

पुढे शेवटचा घोट कधी घेतला, आधी सोडली तेव्हा काय झालं, कुठल्या गोळ्या चालू आहेत हे विचारतात. बीपी, नाडी, साखर, यकृताची रक्ततपासणी होते. भावाला डॉक्टरांनी बायकोसमोर आणि नंतर एकट्याला, असे दोनदा प्रश्न विचारले. मला ते फार आवडलं.

गोळ्या एकदम सगळ्या मिळत नाहीत. दोन-तीन दिवसांपुरत्या देतात, पुढच्या तपासून. त्या घरातल्या माणसाच्या ताब्यात ठेवायच्या, रुग्णाच्या उशाखाली नाही. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून चिठ्ठीशिवाय आणखी आणायच्या नाहीत. गोळ्या चालू असताना वर दारू घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. हे डॉक्टरांनी आम्हाला तीनदा सांगितलं आणि वहीत लिहायला लावलं.

सात दिवस, एक वही

शेवटचा घोट पोटात गेल्यापासून सहा ते बारा तासांत त्रास सुरू होतो. भावाने आदल्या रात्री शेवटची घेतली, सकाळी आम्ही दवाखान्यात होतो, नशा उतरल्याची खात्री करून पहिली गोळी तिथेच दिली गेली. त्या दिवशी हात पुढे पसरले की बोटं थरथरायची, तोंडाला चव नाही, मळमळ, चिडचिड. गोळीने तासाभरात थोडं शांत वाटे, मग पुन्हा.

वहिनींनी शाळेची दोनशे पानी वही घेतली होती. तिच्यात वेळ, गोळी, घाम किती, थरकाप किती, उलटी झाली का, किती झोपला. रोज संध्याकाळी त्या डॉक्टरांना फोनवर ते वाचून दाखवत आणि पहिले चार दिवस सकाळी प्रत्यक्ष तपासणी होई. एकदा भाऊ इतका गाढ झोपला की हाक मारून डोळे नुसते किलकिले झाले. वहिनींनी पुढची गोळी न देता आधी फोन केला. तसंच करायचं असतं. वेळ झाली म्हणून पेंगणाऱ्या माणसाच्या तोंडात गोळी घालायची नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत कठीण. फीट यायचीच असेल तर ती बहुधा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत येते. खरा धोका त्यापुढचा, साधारण दोन ते चार दिवसांदरम्यानचा. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. माणूस वेळ-काळ विसरतो, घरच्यांना ओळखत नाही, नसलेलं पाहतो, ताप चढतो, छाती जोरात धडधडते. मामाला झालं होतं ते हे. दारू तुटलेल्यांपैकी थोड्यांनाच, शंभरात पाचेक जणांना, हे होतं. उपचारांची सोय नव्हती त्या काळात ते झालेल्या तिघा-चौघांतला एक दगावत असे. वेळेवर दाखल केलं तर आज बहुतेक जण वाचतात. मुंग्या, साप, मेलेली माणसं दिसू लागली तर देवर्षीकडे जाण्यात रात्र घालवू नका. १०८ ला फोन करा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत. आपल्याला जवळचं कोणतं आणि रात्री तिथवर गाडी कुणाची, हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावं.

फीट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, किती वेळ चालली ते घड्याळात पाहा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल नको, पाणी नको. आणि फीट थांबली तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. सतत उलट्या, काळी शी, छातीत दुखणं, हाक मारूनही न उठणारी झोप, जीव द्यायची भाषा यांसाठीही सकाळची वाट पाहू नये.

भावाला यातलं काही झालं नाही. तिसऱ्या रात्री तो अंगणात येरझाऱ्या घालत होता, उगाच रडला, ‘मला सोडा, एकच घोट’ म्हणाला. खोलीत मंद दिवा ठेवला होता, कारण काळोखात सावल्यांचे भास होतात. टीव्ही बंद, पाहुणे बंद. भेटायला येणाऱ्यांना वहिनी दारातूनच परत पाठवत होत्या. गावात हे फार अवघड असतं, पण त्यांनी केलं.

जेवणाची बळजबरी केली नाही. ताकात कालवलेल्या ज्वारीच्या कण्या, मुगाची खिचडी, वरणभात, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, थोडं थोडं आणि वरचेवर. चहा दोनच वेळा. उन्हाळ्यात हे करायची वेळ आली तर पाण्याकडे दुप्पट लक्ष हवं, चाळीस-बेचाळीसच्या उन्हात आधीच घामाने पाणी जातं.

चौथ्या दिवशी थरकाप कमी झाला, भूक लागली. आणि नेमकी इथेच घरं फसतात. ‘आता बरा झालाय’ म्हणून गोळ्या बंद करतात किंवा मोटार चालू करायला विहिरीवर पाठवतात. गोळ्यांची गुंगी असते तोवर मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहीर, विजेचं काम, काहीही नको. पाचव्या-सहाव्या दिवशी गोळी अर्ध्यावर येते, सातव्याला बंद होते. कुणाला आठ-दहा दिवसही लागतात.

दोन सलाईन लावल्या की झालं ना?

मराठवाड्यात कुठल्याही दुखण्यावर सलाईन मागायची रीत आहे. अंगात पाणी कमी झालं असेल तर ती लागतेही. पण दारू तुटण्याच्या त्रासावर नुसतं सलाईन हा उपचार नाही, आणि साखरेचं सलाईन तर बिनविचारे लावण्यासारखं नाहीच.

बरीच वर्षं दारू पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तळाला गेलेलं असतं. साखरेचं इंधन मेंदूच्या उपयोगी पडायला थायमिन लागतं. काडेपेटीत शेवटच्या दोन काड्या उरल्यात आणि चुलीत सरपण मात्र भाराभर ओतलं, तर त्या काड्या लगेच संपतात. तसंच साखर ओतल्यावर उरलंसुरलं थायमिन संपू शकतं. मग माणूस गोंधळतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो. तातडीने थायमिन मिळालं नाही तर पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून जाणते डॉक्टर थायमिन आधी किंवा ग्लुकोजसोबत देतात, बऱ्याचदा इंजेक्शनने. साखर घसरून माणूस बेशुद्ध पडलाय अशा वेळी ग्लुकोज थांबवायचं नसतं, थायमिन बरोबरीने द्यायचं असतं. तुमच्या गावातल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘साहेब, हा रोज पिणारा आहे, थायमिन दिलं का?’

एका व्यसनातून दुसऱ्यात नाही का जाणार?

भीती खोटी नाही. या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर त्यांची सवय लागते. म्हणूनच त्या मोजून, उतरत्या क्रमाने आणि ठरावीक दिवसांसाठीच दिल्या जातात. झोप येत नाही म्हणून दहा दिवसांनंतरही कुणी त्याच गोळ्या मागत राहिला तर तो मुद्दा डॉक्टरांसमोर मांडायचा, मेडिकलच्या काउंटरवर नाही. झोप आणि मूड पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात, हे आधी माहीत असलं की धीर धरता येतो.

गोळ्या टाळून रोज एक-एक पेग कमी केला तर?

ऐकायला बरोबर वाटतं, पण ज्याच्या हातून बाटली सुटत नाही त्याच्याच हाती मोजमाप द्यायचं, हे बहुतेकांना साधत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सकाळी हात थरथरणारा माणूस सोडायला तयार झाला आणि डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी मिळाली, तर ते चार दिवस त्याची दारू हिसकावून घेऊ नका. घरच्यांना हे ऐकवत नाही, माझ्या मावशीलाही ऐकवलं नाही. पण उपचार हाताशी नसताना एकदम तोडणं जास्त धोक्याचं.

चहातून औषध, खांबाला दोरी

‘त्याला न सांगता सुटेल’ अशा पुड्या आठवडी बाजारापासून फोनवरच्या जाहिरातींपर्यंत विकल्या जातात. त्यांत काय असतं हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू पिली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. त्याचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ते माणसाच्या संमतीने, तपासण्या करून, दारू थांबल्यानंतरच देतात. भाजीत मिसळून दिलं आणि त्याने बाहेर जाऊन पिली, तर त्याच्या जिवावर बेतेल.

बांधून ठेवण्याचंही तेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्या कायद्याने मनाई आहे. कुठलं केंद्र ‘आम्ही बांधून सोडवतो’ म्हणत असेल तर तिथे आपलं माणूस ठेवू नका. बांधलेल्या माणसालाही फीट येते, आणि तेव्हा त्याला कुशीवर वळता येत नाही.

आठव्या दिवसापासून

डिटॉक्स म्हणजे रान नांगरून झालं, पेरणी बाकी आहे. शरीरातून दारू गेली तरी सात वाजले की पाय त्या रस्त्याला वळतात. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत, यकृत पाहून डॉक्टर त्यांतलं काय द्यायचं ते ठरवतात. समुपदेशन आहे. दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायला चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आहेत, तिथे फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून या कामात आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. गावातल्या आशाताईंना विचारलं तर त्या वाट दाखवतात. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६, दोन्ही मोफत.

पुन्हा एखाद्या दिवशी पिली गेली तर सगळं वाया गेलं असं नाही. त्या दिवशी घरच्यांनी वही काढून डॉक्टरांना फोन करायचा. मामाने तिसऱ्यांदा सोडली तेव्हा ती टिकली.

भावाचा सातवा दिवस रविवारी आला. सकाळी डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. संध्याकाळी सातच्या सुमाराला तो अंगणात आला, दोनदा दारापर्यंत जाऊन परतला, आणि वहिनींना म्हणाला, ‘आता या टायमाला म्या काय करू?’ वहिनींनी लसणाची परडी त्याच्यापुढे सरकवली. त्याने सोलायला घेतला. बोटं अजून थोडी कापत होती, त्यामुळे वेळ लागत होता.